पेठ पडली, तर परत कोण येणार?

वळवाचे दोन-चार पाऊस होऊन गेले की आमच्या वाड्याच्या भिंतीवर दर वर्षी एक कागद चिकटतो. 'सदर इमारत धोकादायक झाली असून मालक व भोगवटादार यांनी ती तात्काळ रिकामी करावी अथवा दुरुस्त करून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस...' पुढचं पावसात विरघळतं. साताऱ्याच्या जुन्या पेठांत राहणाऱ्याला या कागदाचं अप्रूप नाही. आषाढ सरेपर्यंत तो गळून पडतो आणि भिंत उभीच असते. त्यामुळे मालक निर्धास्त, भाडेकरू निर्धास्त, आणि कागद लावणाऱ्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरलेलं.

आमच्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. त्यांतलं एक माझं. रस्त्याच्या अंगाला तीन गाळे: एकात टेलरमामा, एकात पिठाची गिरणी, तिसरा कुलूपबंद. टेलरमामांच्या दुकानाला अजून लाकडी फळ्या आहेत, प्रत्येकीवर ऑइलपेंटने आकडा घातलेला. सकाळी एक ते सात काढायच्या, रात्री सात ते एक लावायच्या. चार नंबरची फळी गेली काही वर्षं खाचेत बसत नाही. मामा ती गुडघ्याने रेटतात. फळी फुगलेली नाही, वरची तुळई खाली आली आहे. हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. त्यांचं भाडं महिन्याला एकशे दहा रुपये आहे, एवढं सांगितलं की तुळई कुणी का बदलत नाही ते निराळं सांगायला नको.

वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि मलाही त्यात काही खटकत नव्हतं. खटकायला लागलं ते क्राइस्टचर्च दुसऱ्यांदा बघून आल्यावर.

भावाची मुलगी न्यूझीलंडमध्ये त्या शहरात राहते. पहिल्यांदा गेलो २०१३ च्या ऑगस्टमध्ये. तिथला मोठा भूकंप २२ फेब्रुवारी २०११ चा, दुपारी बारा एक्कावन्नचा. त्याआधी सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा धक्का पहाटे येऊन गेला होता आणि त्यातून शहर थोडक्यात निभावलं होतं. फेब्रुवारीचा आकड्याने लहान, ६.३ चा, पण उथळ आणि शहराच्या अगदी कुशीत, तोही जेवणाच्या सुट्टीत. १८५ माणसं गेली. शहराचा मध्यभाग गराडा घालून बंद केला गेला. तो गराडा पूर्ण उठला जून २०१३ च्या अखेरीस. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ आपलंच दुकान बघायला आत जायचं तर परवानगी काढावी लागत होती.

पुतणी मला सोडून कामावर गेली आणि मी एकटाच हिंडलो. जिथे इमारत असायला हवी तिथे खडी अंथरलेली आणि पार्किंगचा फलक. काही जुन्या दर्शनी भिंती, मागची इमारत गेलेली असताना, लोखंडी कैच्यांवर आणि एकावर एक रचलेल्या कंटेनरांवर टेकून उभ्या होत्या. एका जाळीच्या कुंपणाआड कॅफेचं टेबल दिसलं. कप तसेच, एक खुर्ची मागे सरकवलेली, सगळ्यावर राखाडी धूळ. चौकातला सिग्नल मात्र इमानेइतबारे लाल-हिरवा होत होता. मी लालला थांबलो. चारही बाजूंनी येणारं कुणीच नव्हतं.

माणसं होती ती एकाच ठिकाणी, रंगवलेल्या कंटेनरांच्या बाजारात. भूकंपानंतर आठ महिन्यांत, ऑक्टोबर २०११ मध्ये, तो सुरू झालेला. एका कंटेनरात कॉफी, दुसऱ्यात कपडे, तिसऱ्यात पुस्तकं. सरकारी आराखडा यायच्या आधी तो उभा राहिला होता, आणि मध्यभागी पुन्हा यायची सवय लोकांना त्या पत्र्याच्या डब्यांनी लावली.

दुसऱ्यांदा गेलो २०२४ च्या शेवटी. नदीकाठी देखणी फरसबंदी झालेली, पाच मजली ग्रंथालय, काचेचं प्रचंड अधिवेशन केंद्र, नवी मंडई, ट्राम. मुख्य चौकातलं कॅथेड्रल मात्र पुढचं तोंड नसलेलं, लोखंडाच्या आधारावर. पैसे पुरेनात म्हणून त्याचं काम त्याच वर्षी थांबवलं होतं. बाकी सगळं स्वच्छ आणि नवं. मी पुतणीला विचारलं, "इथे आधी काय होतं गं?" ती म्हणाली, "काका, मी तर नंतर आले." तिने तिच्या ऑफिसातल्या एका तिथल्याच माणसाला विचारलं. तो बराच वेळ बोलत राहिला. जुन्या विटांच्या इमारती होत्या, भाडी कमी होती, म्हणून जुनी पुस्तकं विकणारा, बूट शिवणारा, वाद्यं दुरुस्त करणारा असे लोक होते. इमारती गेल्या, नव्या झाल्या, आणि नव्या इमारतीचं भाडं बूट शिवून निघत नाही.

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चार नंबरची फळी आली.

तिथल्या लोकांनी कष्टात कसूर केली असं मला म्हणायचं नाही. २०११ मध्येच महापालिकेने लोकांना विचारलं होतं, तुम्हाला मध्यभाग कसा हवा? सहा आठवड्यांत एक लाखाहून जास्त सूचना आल्या. आपल्याकडे एवढ्या सूचना ठेवायला कपाट मिळालं नसतं. पण पुढच्या वर्षी केंद्र सरकारने वेगळं पथक नेमून शंभर दिवसांत आपला आराखडा काढला. त्यात मोठमोठे प्रकल्प होते: अधिवेशन केंद्र, स्टेडियम, अमुक विभाग, तमुक विभाग, आणि त्यांसाठी भूसंपादन. अधिवेशन केंद्र उघडायला २०२१ उजाडलं. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा स्टेडियम अजून बांधतच होते. तोवर लहान व्यापारी उपनगरांत रुजला, किंवा थकून बसला. मोठ्या वास्तू थांबू शकतात. रोजच्या गल्ल्यावर चालणारं दुकान दोन वर्षं थांबू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. शहराचा मध्यभाग सावरतो की नुसता नवा होतो, हे परत कुणाला येऊ दिलं जातं आणि किती लवकर यावर ठरतं. आणि ते भूकंपानंतर ठरवायला बसलं की जो थांबू शकतो त्याच्या बाजूने ठरतं. म्हणून साताऱ्याच्या पेठांत कोण कुठे आहे, किती जागेत आहे, कुठल्या नात्याने आहे, याची सहीशिक्क्याची यादी आज, भिंती उभ्या असताना व्हायला हवी.

साताऱ्यात कुठला आलाय भूकंप, असं तरुण मुलं विचारतात. माझ्या पिढीला विचारावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मी सहा वर्षांचा होतो. मला आठवतो तो आवाज स्वयंपाकघरातल्या उतरंडीचा. पितळी डबे वरून खाली एकेक करत नाही आले, सगळे एकदम आले, आणि शेवटचं झाकण बराच वेळ जमिनीवर गरगरत राहिलं. आईने आधी ते झाकण पायाने दाबलं आणि मग आम्हाला उचललं. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो, डिसेंबरच्या थंडीत, गोधड्यांवर गोधड्या. आमचं एवढ्यावर भागलं. कोयना खोऱ्यात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले आणि पुढे ते मजबूत करावं लागलं. कोयनानगर साताऱ्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. ती जमीन तेव्हापासून शांत अशी झालीच नाही. पाचहून मोठे धक्के वीसच्या वर झाले, बारीकसारीक तर मोजण्यापलीकडचे. धरणाच्या पाण्याशी या धक्क्यांचं नातं काय, हे तपासायला शास्त्रज्ञांनी कराडजवळ संशोधन केंद्र थाटलं आणि जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. एवढा अभ्यास दाराशी चालू आहे, आणि पेठेत आपण अजून कागद गळून पडायची वाट बघतो.

कोयनेने आणखी एक धडा दिला आहे, आणि तो भिंतींचा नाही, कागदाचा आहे. सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांना समांतर आरक्षण आहे. त्यासाठी दाखला लागतो. पाटण तालुक्यातल्या मुलांनी त्या दाखल्यासाठी किती चकरा मारल्या ते तिकडच्या कुणालाही विचारा. १९६७ साली आजोबांचं घर पडलं हे सगळ्या गावाला ठाऊक, पण तेव्हाच्या यादीत आजोबांचं नाव सापडायला हवं. घाईगर्दीत, चिखलात, कुणीतरी कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या यादीवर नातवाची नोकरी अवलंबून. एका रात्रीत पडलेल्या घराचा हिशेब दोन पिढ्या चालतो. आता हेच पेठेतल्या गाळ्यांना लावून बघा. पोटभाडेकरू, पागडीवाला, पावती वडिलांच्या नावावर आणि दुकानात मुलगा, मालक पुण्यात, मालकाचा भाऊ परदेशात, मधल्या खोलीत राहणाऱ्या म्हातारीकडे कसलाच कागद नाही. हे सगळं ढिगाऱ्यावर उभं राहून कोण लिहिणार?

भुजमध्ये लिहावं लागलं. २६ जानेवारी २००१ नंतर तिथल्या तटबंदीतल्या जुन्या शहराची नगररचना नव्याने केली गेली. गल्ल्या रुंद करायच्या तर प्रत्येकाच्या जागेतून थोडी कपात. लहान तुकड्याला कमी, मोठ्याला जास्त. हिशेब न्याय्य होता आणि पुष्कळ मालकांनी तो पत्करला. जुनं शहर जागच्या जागी पुन्हा वसलं, ही त्यांची मोठी कमाई. काही कुटुंबं मात्र शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली. आणि कपातीचा हिशेब मालकाच्या जमिनीचा होता. भाडेकरूकडे कापायलाही काही नव्हतं, त्यामुळे त्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी हाताशी आला. किल्लारीच्या बाजूला तर ५२ गावं उचलून नव्या जागी नेली. रुंद रस्ते, सरळ रांगा, पण पार, वेशीपाशी बसणं, दुकान आणि घर एकाच ओसरीवर, हे कुठल्या नकाशात दाखवणार?

इथे काही मित्र म्हणतात, मग वाडे पाडा ना. सगळीकडे स्लॅबच्या इमारती बांधा, प्रश्न मिटला. मला याचंच भय जास्त वाटतं. क्राइस्टचर्चमध्ये गेलेल्या १८५ पैकी ११५ माणसं एकाच इमारतीत गेली, आणि ती इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, १९८० च्या दशकातली होती. आधीच्या भूकंपानंतर तिच्यावर वापरायला हरकत नाही असा हिरवा कागदही लागला होता. जुन्या विटांच्या भिंती रस्त्यावर कोसळून चाळीसेक माणसं गेली, तेही खरं. म्हणजे जुनं वाईट आणि नवं चांगलं, असा सोपा भागाकार होत नाही. आमच्या पेठेत वाडा पाडून जी अपार्टमेंट उठली आहेत, त्यांतल्या कित्येकांना खाली पार्किंगसाठी नुसते खांब आहेत, भिंत नाही. वर चार मजल्यांचं ओझं आणि खाली काटक्या पाय. भूकंपात अशी इमारत पायातच मोडते. उलट किल्लारीत पुष्कळ घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माती लोकांच्या अंगावर आली, पण खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक ठिकाणी उभा राहिला. वाड्याचं लाकूड शाबूत असेल, सांधे आवळलेले असतील, भिंतीला दाराच्या वरून फिरणारा पट्टा बांधलेला असेल, माळ्यावरची अडगळ आणि माती उतरवलेली असेल, तर वाडा म्हणजे काही मृत्यूचा सापळा नव्हे. आमच्या मागच्या भिंतीच्या भेगेवर मी दोन वर्षांपूर्वी काचेची एक पट्टी सिमेंटने चिकटवली. भिंत हलली तर काच तडकते, साधी युक्ती आहे. गेल्या दिवाळीत ती तडकली. तेव्हा आमच्या वाड्याला लागलेला कागद खोटा नाही, हेही मला मान्य करावं लागतं. फक्त त्या कागदाला एकच रंग आहे. उद्या पडेल ते घर आणि दहा हजार रुपयांत टेकू देऊन वाचेल ते घर, दोघांनाही तोच मजकूर.

दुसरा आक्षेप माझ्या चुलतभावांचा. यादीत नाव घातलं की भाडेकरू डोक्यावर बसणार. त्यांना मी सांगतो, तो बसलेलाच आहे. सांगलीतल्याच एका जागेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला: इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, जागेखालच्या जमिनीवर तो टिकतो. म्हणजे वाडा पडायची वाट बघत बसलेल्या मालकाचा डाव कायद्याने केव्हाच उधळला आहे. पण हक्क असणं वेगळं आणि तो दाखवता येणं वेगळं. पावतीपुस्तक गाळ्याच्या लाकडी पेटीत, पेटी ढिगाऱ्याखाली. मग वीस वर्षं कोर्टात दोघेही जाणार, मालकही आणि भाडेकरूही, आणि मधल्या काळात त्या जागेवर खडी टाकून कुणीतरी पार्किंग करणार.

तिसरं म्हणणं, सातारा आता हायवेकडे सरकला, पेठेची एवढी कशाला काळजी? सरकला आहे, खरं आहे. शोरूम तिकडे, बँका तिकडे, लग्नाची कार्यालयं तिकडे. तरी गणपतीच्या आदल्या दिवशी मोती चौकात पाय ठेवायला जागा नसते. चोळी शिवून घ्यायला, तांब्याला कल्हई लावायला, घड्याळाला सेल टाकायला, कंदी पेढे घ्यायला माणूस वरच येतो. शहर कुठे सरकलं हे शोरूम मोजून कळत नाही.

मग करायचं काय, तर फार अवघड काही नाही. गाळागणिक एक पान: मालक कोण, वापरतो कोण, किती चौरस फूट, कधीपासून, भाडं काय. दोघांच्या सह्या, एक प्रत नगरपालिकेत, एक शहराबाहेर. त्याबरोबर एक ठराव, की मोठी पडझड झाली तर यादीतल्या प्रत्येकाला अमुक मैदानावर अमुक आकाराची तात्पुरती जागा मिळेल, महिन्याभरात. मैदानं आहेत की आपल्याकडे: गांधी मैदान आहे, तालीम संघाचं आहे, जिल्हा परिषदेचं आहे. कुठल्या पेठेने कुठे जायचं हे आज ठरवलं तर भांडण होईल. होऊ द्या, आज भांडायला सवड आहे. आणि गराडा घालावाच लागला तर तो किती दिवसांनी, कुणासाठी उघडायचा याचाही नियम आत्ताच असावा.

मालक फुकट सही करणार नाही, हे मी मालक असल्यामुळे खात्रीने सांगतो. त्यालाही काही मिळायला हवं. एकशे दहा रुपये भाड्यात तुळई बदलत नाही. भाडेकरूने सहीच्या बदल्यात भाडं वाढवून द्यावं, निदान दुरुस्तीचा वाटा उचलावा. हे म्हटलं की भाडेकरूंच्या बाजूने बोलणारी मंडळी माझ्यावर उखडतात, आणि यादी म्हटलं की मालकांची. दोघेही उखडतात म्हणजे मी बरोबर आहे असं नाही, पण दोघांनाही चार नंबरची फळी एकदा गुडघ्याने रेटून बघायला सांगावंसं वाटतं.

दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करावं म्हणून गेल्या महिन्यात आमच्या वाड्याचं पान लिहायला घेतलं. अकरा जणांपैकी सात जणांनी होकार दिला. दोघे म्हणाले, वकिलाला विचारून सांगतो. एकाने मेसेज वाचला, दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. अकरावा मी. गिरणीवाला लगेच तयार झाला. टेलरमामांनी मात्र आधी कागद उलटसुलट करून पाहिला.

"अण्णा, ह्यात माप कुठलं घातलंय?"

"तुमच्या जुन्या पावतीवरचं. दहा बाय आठ."

त्यांनी गळ्यातली टेप काढली. एक टोक मला धरायला दिलं आणि दुकानाच्या मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मोजलं, मग आडवं. शर्टाचं माप घेतात तसंच, तोंडाने पुटपुटत. नऊ फूट तीन इंच बाय सात फूट अकरा. चाळीस वर्षं ते दहा बाय आठचं भाडं भरत आले होते, आणि आम्ही घेत आलो होतो.

मी दहा खोडून नऊ-तीन लिहिलं. खोडलं तिथे दोघांनी सह्या केल्या. मग सात वाजले म्हणून त्यांनी फळ्या लावायला घेतल्या, आणि चार नंबरला मी आतून हात लावला.